श्रवणबेळगोळचा निवाडा



श्रवणबेळगोळ म्हटले की मराठी मनाला गोमटेश्वराच्या चरणांशी कोरलेला चावुण्डराजाचा मराठी लेख आठवतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु दोन टेकड्यांमधील गावात, भंडारी बसदीपाशी, आणखी एक कन्नड शिलालेख आहे. होयसळ नरसिंहाचा कोषाधिकारी हुळ्ळ याने ११५९ मध्ये ही बसदी उभारली. लेख मात्र विजयनगरच्या पहिल्या बुक्करायाचा, शके १२९०, म्हणजे इ. स. १३६८ चा.

राज्य स्थापन होऊन जेमतेम तीन दशके लोटली होती. आनेगोंदी, होसपट्टण, पेनुगोंडा, कल्लेह येथील जैनांनी श्रीवैष्णवांकडून होणाऱ्या अन्यायाची फिर्याद राजापुढे मांडली. आपल्याकडे संप्रदायांत कधी कलह झालेच नाहीत, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. हा दगड तसे म्हणू देत नाही. तंटा होता आणि तो राजद्वारी पोहोचला होता.

बुक्करायाने श्रीरंगम, तिरुमला, कांची, मेलकोटे येथपर्यंतचे वैष्णव आचार्य व प्रमुख यांच्यासमक्ष जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला. वैष्णव दर्शन आणि जैन दर्शन यांत भेद नाही. पंचमहावाद्ये व कलश हा जैनांचा पूर्वापार मान कायम राहील. जैनांची हानी वा वृद्धी वैष्णवांनी आपलीच मानावी, असा निवाडा झाला. जैन बसदीच्या या लेखाचा आरंभ रामानुजाचार्यांच्या स्तुतीने होतो, हेही लक्षात घेण्याजोगे!

नुसत्या सद्भावनेवर राजाने भिस्त ठेवली नाही. राज्यातील जैनांनी दर घरामागे वर्षाला एक 'हण' द्यावा, तिरुमलेच्या तातय्याने तो गोळा करावा, त्यातून बेळगोळच्या देवासाठी वीस रक्षक नेमावेत आणि उरलेल्या द्रव्यातून जीर्ण जिनालयांची डागडुजी करून त्यांना चुना लावावा, अशी तजवीज झाली. पैसा जैनांचाच होता. जबाबदारी मात्र ज्यांच्याविरुद्ध फिर्याद होती त्यांच्या शिरावर आली. ज्याला राखण करायची आहे, तो मोडतोड कशी करील? हा आदेश मोडणारा राजद्रोही आणि संघद्रोही ठरेल, असेही लेखात बजावले आहे.

पुढे कल्लेहच्या बुसुवि सेट्टीने बुक्करायाकडे विनंती केली, तातय्याला बोलावून घेतले आणि या शासनाचा जीर्णोद्धार करविला. दोन्ही समयांनी मिळून त्याला 'संघनायक' ही पदवी दिली.