इंग्रज उमरावांच्या घरची चांदी



आपल्याकडे दागिना मोडीत घातला की घडणावळ बुडते आणि चांदीचे तेवढे पैसे हाती येतात. इंग्रज उमरावांच्या घरच्या ताटावाट्यांचा इतिहास या एका व्यवहाराभोवती फिरत आला आहे.

पेढ्यांची सोय नव्हती त्या काळी घरातील चांदी हीच उमरावाची शिल्लक असे. पाहुण्यांपुढे मांडली म्हणजे वैभव. अडचण आली म्हणजे नाणे. १६४२ साली राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा सैन्याच्या पगारासाठी हजारो भांडी वितळली. ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांची चांदीही राजाच्या टांकसाळीत गेली. १६६० नंतर वारे फिरले. भांड्यांची हौस इतकी वाढली की नाणीच कातरून आणि वितळवून भांडी होऊ लागली! तेव्हा १६९७ साली कायद्याने भांड्यांचा कस शेकडा ९२.५ वरून सुमारे ९५.८ केला, म्हणजे नाण्याहून चढा. ही सक्ती १७२० पर्यंत टिकली.

कस ओळखावयाचा कसा? १३०० सालच्या कायद्याने बिबळ्याच्या मुखाचा ठसा आला, १४७८ पासून वर्षाचे अक्षर, १५४४ पासून चालता सिंह. शेजारी कारागिराची खूण. दर्शनी बाजूस मात्र घराण्याचे मानचिन्ह. भांडे कोणाचे ते समोरून कळते. त्याची खरी किंमत ते उलटे केल्यावर कळते.

परंतु ते घराण्याचे तरी कितपत होते? पुष्कळ मोठ्या घराण्यांत वाडा, जमीन व चांदी दस्तऐवजाने पुढील वारसास बांधलेली असे. हयात धन्याने ती वापरावी, विकू नये. धाकटे भाऊ आणि बहिणी यांचा त्या चांदीवर हक्क नसे. चांदी राखली गेली ती त्यांना वगळून, हे विसरू नये. १८८२ च्या कायद्याने न्यायालयाच्या परवानगीने विक्रीची वाट मोकळी झाली आणि १८९४ साली नवा मृत्युकर आला. मग कित्येक घरांतील कपाटे लिलावात रिकामी झाली.

एकच उदाहरण देतो. राबीचे लॉर्ड थॉमस वेंटवर्थ १७०५ च्या सुमारास बर्लिनला राजदूत म्हणून गेले. इतमामासाठी त्यांना राजभांडारातून चांदी मिळाली. तीत फिलिप रोलोस या कारागिराने घडविलेले, मद्याच्या बाटल्या गार ठेवावयाचे एक प्रचंड घंगाळ होते. सरकारी पैशाची ही वस्तू सुमारे ३०० वर्षे वंशजांकडे राहिली, २०१० साली लिलावात गेली आणि पुढे लीड्सजवळच्या टेंपल न्यूसम या सार्वजनिक संग्रहात आली. आज ती कोणीही पाहू शकतो.

त्या घंगाळातील चांदीचा भाव कोणताही सराफ तराजूवर सांगेल. लिलावात लाखो पौंड मोजले गेले ते रोलोसच्या हातासाठी. मोडीत जी घडणावळ प्रथम बुडते, तीच वस्तू टिकली तर सर्वांत महाग ठरते. म्हणून जुने भांडे मोडावयास काढण्यापूर्वी ते एकदा उलटे करून पाहावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.