मारकी गाय आणि झाडपाल्याचा काढा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

तायांनो, गाय लाथा मारायला लागली की कुणीतरी सांगतंच, "अमकं मूळ उगाळून पाजा, गरीब होईल." झाडपाल्यात गुण नाही असं नाही. सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ साली रिसर्पिन वेगळं काढलं. त्यानं चिडकी माकडंसुद्धा शांत झाली. पण त्याच औषधानं रक्तदाब उतरतो, जुलाबही लागतात.

म्हणून अर्क आधी प्रयोगशाळेत उंदरांवर तपासतात. एकट्या ठेवलेल्या नराच्या पिंजऱ्यात परका उंदीर सोडतात. तो किती वेळानं अंगावर गेला, किती चावला, हे मोजतात. काहींना अर्क, काहींना नुसतं पाणी. मग बघतात, उंदीर शांत झालाय की नुसता गुंगलाय? गुंगी म्हणजे गुण नव्हे, बरं का. आणि उंदराचं माप गाईला लागू पडत नाही.

तेव्हा आधी कारण शोधा. कास सुजलीय का? सडाला चीर पडलीय का? नुकतीच व्यालीय का?

गरीब जनावर एकाएकी अंगावर धावतंय, लाळ गाळतंय, सारखं हंबरतंय, तर ते पिसाळलेलं असू शकतं. काढा पाजायला त्याच्या तोंडात हात घालू नका. रोग लाळेतूनच येतो. १९६२ ला फोन लावा. लाळ जखमेला लागलीच तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

ज्यांच्या गोठ्यात मारकं जनावर आहे त्यांनी आज नाव सांगा. पशुसखीला घेऊन आपण एकेकीकडे जाऊ.