सांध्यावरील अडवणूक
(बमरोली, सुरत येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वैशाखाच्या या उकाड्यात, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट सोसून, उष्णतेवरील व्याख्यान ऐकण्यास आपण जमलात, याबद्दल आपले अभिनंदन करावे की आपली काळजी करावी, हे मला उमगत नाही. (हशा.) उष्णता म्हणजे अणूंचे कंपन, आणि हिऱ्यासारख्या अधातूत ती अणुजालाच्या लहरींवाटे, म्हणजे फोनॉनवाटे, वाहते, हे आपणांस विदितच आहे, तेथे वेळ दवडीत नाही.

मजजवळ सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती मी जेथे तेथे सांगत असल्यामुळे स्नेहीमंडळी मला टाळू लागली आहेत: ग्राफीनसारख्या सूक्ष्म पदार्थांत उष्णतेची खरी अडवणूक पदार्थाच्या पोटात नसून सांध्यावर होते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड, नॅनोमीटरच्या तृतीयांश भरणारा पापुद्रा. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन. बलांदिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात २००८ साली ग्राफीनची मोजली, ती ५,००० च्या आसपास भरली आणि जयजयकार झाला. मात्र तो पापुद्रा खाचेवर अधांतरी ताणलेला होता! तोच सिलिकावर टेकवला, की खालचा आधार त्याची वरखाली होणारी कंपने दडपतो, आणि आकडा ६०० च्या घरात येतो. शिवाय त्यातून सिलिकात उतरताना उष्णतेला होणारा विरोध दहा-पंधरा नॅनोमीटर सिलिकाच्या थराइतका, म्हणजे खुद्द पापुद्र्याच्या जाडीहून कितीतरी पट जाड अशा थराचा असतो.

या विरोधाला कापित्सांचे नाव आहे, कारण द्रवरूप हेलियम आणि धातू यांच्या सीमेवर तापमान एकाएकी उडी घेते, हे त्यांनी १९४१ साली दाखवले. कार्बनचा अणू हलका, त्याचे बंध ताठर, म्हणून त्याची कंपने द्रुत. पलीकडचा पदार्थ बहुधा मंदगती, आणि दोहोंमधील आसक्ती दुर्बल. तेव्हा लहरी सीमेवरूनच माघारी फिरतात.

सीमेवरील अशा अडवणुकीचा प्रत्यय सुरतेला मोगल अमदानीतच आला होता. सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाकडे जाण्यासाठी सुवाळीच्या बंदरी उतरला. आफ्रिकेला वळसा घालून आलेला हा गृहस्थ महासागर ओलांडून सुखरूप पोहोचला आणि अडला कोठे, तर जकातीच्या झडतीपाशी! राजाच्या वकिलाच्या माणसांची झडती घेता येणार नाही, असे तो म्हणे. बंदरचे अंमलदार म्हणत, येथला दस्तूर सर्वांना एकच. नजराणे, पेटारे, मानमरातब यांवरून हुज्जत वाढत गेली, आणि मला विचाराल तर अंमलदारांची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण… मागील रांगेत कोणी घड्याळ पाहत आहे. कार्बनवर बोलावयास आलेला इसम जकातीवर बोलतो, अशी तक्रार असेल. परंतु हे विषयांतर नव्हे, हाच विषय आहे! (हशा.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली: पाच मिनिटे. तेव्हा कार्बन नलिकांचे, म्हणजे गुंडाळलेल्या ग्राफीनच्या नळ्यांचे, थोडक्यात सांगतो. प्लास्टिकात त्या मिसळल्या की ते तांब्यासारखे उष्णता वाहील, ही आशा फोल ठरली, कारण नळी-नळीच्या आणि नळी-प्लास्टिकच्या प्रत्येक सांध्यावर तीच अडवणूक. रासायनिक बंधांनी सांधा घट्ट करावा, तर नळीच्या भिंतीत दोष निर्माण होऊन आतला प्रवाह खुंटतो. हा पेच अजून पुरता सुटलेला नाही.

येथे घंटीवर, म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या चाकावर, बसणारी मंडळी आहेत; सांध्याची ही अडवणूक आपल्याही परिचयाची आहे. आपण हिरा पुसून त्यावर परीक्षक पेन टेकवता, तेव्हा तापलेल्या टोकाची उष्णता खडा किती त्वरेने ओढून घेतो, हे ते उपकरण पाहते. टोक तिरके टेकले किंवा खड्यावर मळ राहिला, तर अस्सल हिराही संशयित ठरतो. तो सांध्याचा दोष, हिऱ्याचा नव्हे. सुरतेत आता मिथेन आणि हायड्रोजन वायूंपासून हिरे वाढवले जात आहेत, आणि तसल्या हिऱ्याचे पातळ थर इलेक्ट्रॉनिक चकत्यांखाली उष्णता ओढून घेण्यासाठी बसवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. तेथेही हिरा उत्तम असून भागत नाही, चकती आणि हिरा यांमधील थराचा विरोध मोजावा लागतो. म्हणून या सभेतील विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: कोणीही ग्राफीनचा ५,००० चा आकडा दाखवून माल विकावयास आला, तर त्याला सांध्याचा आकडा विचारा, आणि तो लेखी मिळाल्यावाचून सौदा करू नका.