आत्मसंरक्षणाचा हक्क आणि त्याची मर्यादा



गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही, हे जाणूनच शास्त्रकारांनी विरोधी हिंसा ही संकल्पी हिंसेहून वेगळी मानली. कायद्याचा विचारही याहून फार दूरचा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलमे ९६ ते १०६ आत्मसंरक्षणाचा हक्क देत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ तेच कार्य करतात. स्वतःच्याच नव्हे, तर परक्याच्या देहाचे व मालमत्तेचे रक्षणही त्यांत येते.

मात्र चोर आवारात शिरला की त्याचे काहीही करावे, ही अनेक सज्जनांची समजूत घातक आहे. समजा, रात्री दुकानाचे कुलूप फोडून कोणी आत शिरला आणि त्याने मालकावर सुरा उगारला. मालकाच्या काठीच्या प्रहाराने तो मेला, तरी तो गुन्हा ठरत नाही. २०१० साली दर्शनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, संकटात सापडलेल्याचा प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही. पण तोच चोर पकडून खांबाला बांधला, की धोका संपला. नंतरची मारहाण म्हणजे सूड. त्यात तो दगावला तर मालकावर आणि हात धुऊन घेणाऱ्या शेजाऱ्यांवरही खुनाचा आरोप येऊ शकतो. पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवधी असेल, तर मुळात हा हक्कच उरत नाही.

व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा खटला चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा होय. शेजारी आपले शौचकूप वापरतात म्हणून या गृहस्थाने तेथे विजेची उघडी तार लावली. शेजारची एक स्त्री तिला स्पर्श होऊन मृत्यू पावली. विनापरवाना आत येणारा मनुष्य कायद्याच्या संरक्षणाला मुकत नाही, असे सांगून १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. काठी धरणारा हात थांबू तरी शकतो. तारेला चोर कोण आणि चेंडू शोधायला आलेले मूल कोण, हे कळत नाही.

ज्यांच्या गोदामाच्या मागील भिंतीवर वीज सोडलेली अशी तार असेल, त्यांनी ती उद्याच उतरवून घ्यावी.