केनियाला जाताना कोणते पुस्तक घ्यावे?



येत्या ऑगस्टमध्ये आपल्या बॅचमधले सात जण आणि आपल्या बाई केनियाला निघालो आहोत. सिंहांवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी पक्ष्यांचे पुस्तक निवडण्याबद्दल बोलते.

‘तू सॉफ्टवेअरवाली, अ‍ॅपच सांग ना,’ असे तुम्ही म्हणालच. ‘मर्लिन’ जरूर घ्या. केनियाचा पॅक घरीच उतरवून ठेवला की ते नेटशिवायही चालते. पण अ‍ॅप एक नाव सांगून मोकळे होते. शेजारच्या पानावरचा दुसरा पक्षी ‘तो’ का नाही, हे कळायला पुस्तकच लागते. शिवाय बाईंना दुर्बीण फार वेळ धरवत नाही आणि भर उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. त्यांच्या मांडीवर पुस्तक उघडे असेल, तर गाडीतल्या गप्पांत त्याही असतील.

मसाई मारात मैनेच्या कुळातले दोन पक्षी दिसतात. दोघांची पाठ चमकदार निळी, पोट तांबूस. सुपर्ब स्टार्लिंगच्या छातीवर पांढरा पट्टा आणि डोळा पांढुरका. हिल्डेब्रांट्स स्टार्लिंगला तो पट्टा नाही आणि डोळा लालसर. चित्रे शेजारी शेजारी हवीत ती यासाठी. फोटोंची पुस्तके देखणी असतात, पण फोटोत त्या क्षणाचा उजेड येतो. चित्रकार नेमकी खूण दाखवतो.

नकाशाही चित्रासमोरच हवा. सोनेरी पोटाच्या गोल्डन-ब्रेस्टेड स्टार्लिंगचा फोटो ग्रुपवर फिरतोय ना? तो उत्तर आणि पूर्व केनियाच्या कोरड्या भागातला. आपण मारा आणि नैवाशाला चाललोय, तेव्हा त्याची आशा सोडा.

माझी निवड स्टीव्हन्सन आणि फॅन्शॉ यांचे ‘बर्ड्स ऑफ ईस्ट आफ्रिका’, २०२० ची दुसरी आवृत्ती. चित्र, नकाशा, मजकूर समोरासमोर. पाच देशांतल्या तेराशेंवर जाती आहेत, त्यातल्या बऱ्याच आपल्याला दिसणार नाहीत. म्हणून आपल्या वाटेवरच्या पक्ष्यांना आधीच पेन्सिलीने खुणा करा. (बाई, या वेळी पुस्तकात रेघोट्या मारायची परवानगी असावी!) झिमरमन, टर्नर आणि पिअर्सन यांचा १९९६ चा ग्रंथ जास्त सखोल, पण जाडजूड, तो घरी वाचायचा.

नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात हातातल्या बॅगेसकट साधारण १५ किलोच सामान चालते. त्यामुळे एका गाडीत एकच प्रत पुरे. अक्षर बारीक आहे, चाळिशीचे चष्मे मात्र प्रत्येकाने आपापले आणा.