इद्रा : चाकांशिवायचं गाव
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीनं मला ग्रीसच्या सहलीवर बोलायला सांगितलं. पण मी पडलो बांधकामातला माणूस. तेव्हा एकाच गावाबद्दल बोलतो. इद्रा. नकाशावर तुम्हाला 'हायड्रा' असं दिसेल. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोटीनं साधारण दोन तास. बेटाचं आणि गावाचं नाव एकच.

ग्रीक बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सांतोरिनीचं कॅलेंडर येतं, पांढरी घरं नि निळे घुमट. इद्रा तसं नाही. बोट बंदरात वळली की डोंगरउतारावर एकावर एक चढत गेलेली करड्या दगडाची घरं दिसतात. डोक्यावर लाल कौलं. मधूनच एखादं चुन्यानं रंगवलेलं. धक्क्यावर उतरलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, हॉर्नच नाही! मोटारी, स्कूटर यांना गावात बंदी आहे. कचऱ्याच्या गाडीसारखे मोजके अपवाद सोडले, तर ओझं वाहायचं ते खेचरांनी. आमच्या बॅगा, वाण्याचं सामान, सिमेंटच्या गोणी, सगळं त्यांच्याच पाठीवर.

गल्ल्या मी पावलांनी मोजल्या (बायको म्हणाली, इथेही सुरू झालं का तुमचं!). ओझं लादलेलं खेचर आणि भिंतीला चिकटून उभा राहिलेला एक माणूस, एवढंच मावेल अशा कित्येक. पायऱ्या उथळ आणि रुंद, जनावराचा पाय बसेल अशा. बाहेरून भिंती अगदी कोऱ्या, जाडजूड. दार उघडलं की आत फरसबंदी अंगण, लिंबाचं झाड, सावली. श्रीमंती रस्त्यावर मांडायची नाही, अशी तिथली रीत दिसते.

आणि श्रीमंती होती हो! १७७४ च्या रशिया-तुर्कस्तान तहानंतर ग्रीक जहाजांना रशियाच्या निशाणाखाली काळ्या समुद्रात व्यापार करता येऊ लागला. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी बंदरं अडवली. ती नाकेबंदी चुकवून इद्राचे तांडेल गहू पोचवायचे आणि दामदुप्पट कमवायचे. त्या पैशातून बंदराभोवतीचे मोठे वाडे उठले. लाझारोस कुंदुरियोतिस यांचा पिवळसर वाडा त्यातला एक. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात या माणसानं आपली दौलत आरमारासाठी ओतली. आज तिथे संग्रहालय आहे, जरूर बघा. तोम्बाझिसांच्या वाड्यात अथेन्सच्या कलाशाळेचे विद्यार्थी येऊन राहतात, तर त्सामादोसांच्या वाड्यात व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी शाळा आहे. वाडे पाडले नाहीत, कामाला लावले.

मला मात्र वाड्यांपेक्षा पाण्याची व्यवस्था जास्त आवडली. बेटाच्या नावात पाणी आहे, बेटावर जवळजवळ नाही. म्हणून कौलांवरचा पाऊस पन्हळीतून अंगणाखालच्या टाक्यात. टाकं म्हणजे आपल्या गडांवर असतं तसंच, फक्त घराच्या पोटात. छप्पर, अंगण आणि टाकं हा एकच हिशेब. एक बिघडलं की तिन्ही गेली. नंतरच्या काळात तुटवडा पडला की मुख्य भूमीवरून बोटीनं पाणी यायचं. आपला मे महिन्यातला टँकर आठवा, फक्त समुद्रातून येणारा! अलीकडे खारं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प झालाय.

आता कुणी म्हणेल, काय ते शहाणे लोक, सगळं जपलं. मला तसं वाटत नाही. वाफेची जहाजं आली, शिडांचा धंदा बसला, लोक पोटापाठी बेट सोडून गेले. नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं राहिलं. जपण्याचे कायदे मागाहून आले. ते आले तेव्हा जपण्यासारखं काही शिल्लक होतं, हे गावाचं नशीब.

स्वस्त घरं बघून चित्रकार, लेखक आले. गायक लेनर्ड कोहेन यांनी १९६० मध्ये दीड हजार डॉलरला घर घेतलं. तेव्हा त्यात वीजही नव्हती. पुढे गावात तारा आल्या. त्या खिडकीसमोर बघून ते आधी खट्टू झाले. मग तारेवर पक्षी येऊन बसू लागले आणि त्यावरून त्यांचं एक गाजलेलं गाणं झालं. हेच कोहेन १९९९ मध्ये रमेश बाळसेकरांना ऐकायला मुंबईत येऊन राहिले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आज बेटावर कायमचे राहतात सुमारे दोन हजार लोक. जुन्या वैभवाच्या काळात याच्या कितीतरी पट होते. बाहेरच्यांनी विकत घेतलेली घरं उन्हाळ्यात उघडतात, थंडीत त्यांची दारं बंद. कौल बदलायचं तर तेही खेचरावरून येणार, म्हणजे वाहतुकीचा खर्च वेगळा. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं तर शेकडो पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ऐकताना मान हलवली, मी पाहिलं. बाहेरून जाणाऱ्या माझ्यासारख्याला ती शांतता चार दिवस मिळते. तिची किंमत वरच्या आळीतला माणूस रोज मोजतो. तरी गाड्या येऊ द्या म्हणणारा मला तिथे कुणी भेटला नाही. एका खेचरवाल्याला मी हे विचारलंच. तो हसला आणि खेचराकडे बोट दाखवून म्हणाला, "मग याचं काय करू?"

आता दिवे मालवा. पहिला फोटो बंदराचा आहे. डावीकडे घड्याळाचा मनोरा दिसतोय ना, तिथून सुरुवात करू.