गाडी नावाचं लिंबू

नवी गाडी चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय आपल्याकडे शोरूमच्या फाटकाबाहेर पडत नाही. घेणारा कुठल्याही धर्माचा असो, शोरूममधला पोरगा चार लिंबं हातात घेऊन उभाच असतो. नको म्हणायला जीव होत नाही. पुढं मग बंपरला लिंबू-मिरची. गाडीला कुणाची दृष्ट लागू नये, एवढाच हेतू.

अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथं गाडीच लिंबू निघते. वरून पिवळीधमक, तुकतुकीत, आणि तोंडात घेतली की दात आंबतात, अशा सदोष वस्तूला तिकडच्या बोलीत ‘लेमन’ म्हणतात. हा शब्द मोटारीला इतका चिकटला, की 1960 साली फोक्सवॅगन कंपनीनं आपल्या बीटल गाडीच्या फोटोखाली ‘लेमन’ एवढा एकच शब्द मोठ्या अक्षरात छापून जाहिरात केली. का, तर आतल्या एका कप्प्याच्या चकचकीत पट्टीवर डाग होता म्हणून तपासनिसानं ती गाडी नापास केली होती. अशी लिंबं आम्ही कारखान्यातच वेचून बाजूला काढतो, असं त्यांना सांगायचं होतं. पण सगळीच लिंबं कारखान्यात सापडत नाहीत. जी निसटतात ती कुणाच्या तरी दारात येतात. त्यांच्यासाठी तिथं जो कायदा आहे, त्याला लोक ‘लेमन लॉ’ म्हणतात. 1982 साली कनेक्टिकट राज्यानं तो केला आणि पुढं अमेरिकेतल्या सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे झाले.

मला हा कायदा कळला तो माझ्या भाचीमुळं. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. मराठी माणसांना हे गाव नवं नाही. तिथं संक्रांतीला तिळगूळ मिळतो आणि ईदला शेवया. भाची इस्पितळात परिचारिका आहे, बहुतेक रात्रपाळी. तिनं तीस हजार डॉलरची नवी कोरी गाडी हप्त्यांवर घेतली. चार हजार मैल झाले असतील नसतील, गाडीला एक खोड लागली. वेग चाळीस मैलांच्या वर गेला की गिअर बदलताना हिसका बसायचा, आणि क्षणभर गाडी पाय दाबूनही पुढं ओढायची नाही. महामार्गावर, मागं मोठा ट्रक, पहाटेचे सहा आणि ही बारा तासांची पाळी करून निघालेली. फोनवर मला म्हणाली, “मामू, त्या एका सेकंदात मला आम्मी आठवते.”

डीलरकडं नेली. त्यांनी दोन दिवस ठेवली आणि कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. जगभरच्या सर्व्हिस सेंटरांत हे एकच वाक्य कसं काय पाठ असतं कोण जाणे. तुम्ही सांगता तो आवाज, तो हिसका, तो धूर त्यांच्या दारात गेला की लाजून गप्प बसतो. दुसऱ्यांदा नेली तेव्हा संगणकातली प्रणाली बदलली म्हणाले. आठवडाभरात हिसका परत.

इथं तिच्या पेशानं तिला वाचवलं. परिचारिका रुग्णाचा तक्ता ठेवते, तसा तिनं गाडीचा ठेवला होता. तारीख, वेळ, किती मैल झाले, वेग किती होता, पाऊस होता का, हिसका किती वेळ टिकला. प्रत्येक वेळी गाडी दुरुस्तीला टाकताना आणि परत घेताना मिळालेला कागद तिनं फाइलला लावला. ‘दोष आढळला नाही’ हा कागदसुद्धा. तोच पुढं सगळ्यांत जास्त उपयोगी पडला, कारण गाडी त्या दिवशी याच तक्रारीसाठी आली होती, हे त्यांच्याच अक्षरात त्यावर होतं.

न्यू जर्सीचा नियम असा आहे. गाडी घेतल्यापासून दोन वर्षं किंवा चोवीस हजार मैल, यांतलं जे आधी संपेल त्या मुदतीत दोष कळवलेला हवा. तो गाडीचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता यांना खरोखर बाध आणणारा हवा. रेडिओ खरखरतो, एवढ्यानं भागत नाही. तीनदा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, किंवा दुरुस्तीपायी गाडी एकूण वीस दिवस बंद राहिली, तर ते लिंबू आहे असं कायदा धरून चालतो. जीव जाईल असा दोष असेल तर एकाच प्रयत्नावर भागतं. मात्र दोन प्रयत्न झाले की कंपनीला, डीलरला नव्हे, पोचपावतीच्या टपालानं पत्र पाठवावं लागतं आणि शेवटची एक संधी द्यावी लागते. त्यासाठी कंपनीला दहा दिवस. या पत्रावाचून कित्येकांचे दावे लंगडे पडतात.

भाचीनं पत्र पाठवलं. कंपनीचा माणूस आला, काहीबाही बदललं, हिसका गेला नाही. मग तिनं राज्याच्या ग्राहक विभागातल्या लेमन लॉ कक्षाकडं पन्नास डॉलर भरून अर्ज केला. सुनावणी जवळ आली तसा कंपनीचा फोन आला. दीड हजार डॉलर देतो, वॉरंटी दोन वर्षं वाढवतो, अर्ज मागं घ्या.

त्या आठवड्यात आमच्या घरात दोन तट पडले. माझी बहीण म्हणाली, घे पैसे आणि मोकळी हो, परक्या मुलुखात कोर्टकचेरी कशाला? तिच्या बोलण्यात भीती होती, आणि ती खोटी नव्हती. एकटी पोर, वर्षाची शिल्लक त्या गाडीत अडकलेली, हप्ते चालू. हरली असती तर तीच गाडी घेऊन रोज त्याच रस्त्यानं जायचं होतं. पण दीड हजार डॉलर घेऊनही जायचं तिला त्याच गाडीतून, त्याच रस्त्यानं होतं. भाची आईला एवढंच म्हणाली, की पैशानं हिसका थांबत असेल तर घेते. नाही घेतले.

सुनावणी न्यायाधीशासमोर झाली. आपल्या कोर्टासारखा थाट नसतो म्हणे. टेबल, खुर्च्या, कागद. कंपनीचा तंत्रज्ञ म्हणाला, ही या गाडीची ढबच आहे. तिनं तक्ता पुढं ठेवला. वीस दिवसांच्या आत निकाल आला, गाडी परत घ्या आणि पैसे द्या. किंमत, त्यावरचा विक्रीकर, नोंदणीचा खर्च, कर्जाचं व्याज, मधल्या काळात भाड्यानं घेतलेल्या गाडीचे पैसे, सगळं हिशेबात धरलं. वजा झाले फक्त बाराशे डॉलर, गाडी वापरल्याबद्दल. त्याचं गणितही ठरलेलं आहे. किमतीला मैलांनी गुणायचं आणि एक लाखानं भागायचं. मैल कुठवरचे? तर दोष पहिल्यांदा दाखवला त्या दिवसापर्यंतचे, गाडी परत केली त्या दिवसापर्यंतचे नव्हेत. म्हणजे कंपनीनं पुढं जितके दिवस घोळ घातला, त्याचं भाडं ग्राहकाच्या माथी नाही. ज्यानं हे वाक्य कायद्यात घातलं, त्याला मी मनातल्या मनात सलाम केला.

बहिणीला मात्र ते बाराशे लागले. “खोट त्यांची, मग पैसे हिचे का कापले?” तिला मी म्हशीचं उदाहरण दिलं. आपल्या जनावरांच्या बाजारात दोन वेळा धार न काढता म्हैस उभी करतात. कास तुंबलेली दिसते, गिऱ्हाईक भुलतं, आणि घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दूध निम्म्यावर येतं. ही लबाडी आजची नाही. अरबस्तानात उंटिणी आणि शेळ्यांच्या बाबतीत तेच चालायचं. पैगंबरसाहेबांनी त्यावर दिलेला निवाडा हदीसमध्ये नोंदलेला आहे. घेणाऱ्यानं वाटल्यास जनावर ठेवावं, नाहीतर तीन दिवसांच्या आत परत करावं, पण परत करताना मापभर खजूरही द्यावा. खजूर कशाचा? तर मधल्या दिवसांत जे दूध काढून प्यालं त्याचा. न्यू जर्सीचे बाराशे डॉलर म्हणजे तोच मापभर खजूर. हे ऐकून बहीण गप्प बसली. तिला पटलं की कंटाळली, ते मी विचारलं नाही.

इस्लामी धर्मशास्त्रात याला ‘खियार-ए-ऐब’ असं नाव आहे. ऐब म्हणजे खोट, खियार म्हणजे निवडीचा हक्क. लपलेली खोट पुढं उघडी पडली तर सौदा मोडायचा हक्क घेणाऱ्याला असतो. आपल्याकडं कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सौदा फिरवायला मुदत आहे. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुरं राखणाऱ्याला पाच. ज्याच्या मालाची पारख व्हायला वेळ लागतो, त्याला रात्री जास्त. रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तो दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. मोटारीचे दात बघता येत नाहीत, हीच अडचण आहे.

याच अडचणीवर जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं 1970 साली एक निबंध लिहिला. त्याच्या नावातच ‘लेमन्स’ शब्द आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात खोट फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळं घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, चांगल्या गाडीवाले बाजारातून निघून जातात आणि मागं लिंबंच उरतात, असं त्याचं म्हणणं. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. 2001 साली लेखकाला नोबेल मिळालं. कवितासंग्रहाच्या वह्या साभार परत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही हकिगत फार आवडते. याहून मजा म्हणजे त्या निबंधात तांदळातले खडे आहेत. भारतात गृहिणीला बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे वेचावे लागतात, असं अकरलॉफनं लिहिलं आहे. तो निबंधाच्या काळात भारतात राहून गेला होता.

भाचीनं परत केलेल्या गाडीचं पुढं काय झालं? ती दुरुस्त करून विकता येते, पण न्यू जर्सीत तिच्या मालकीच्या कागदावर शिक्का बसतो, की ही गाडी लेमन कायद्याखाली कंपनीला परत आलेली आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला ते सांगावंच लागतं. पैगंबरसाहेबांनी एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतून ओल लागली. पावसानं भिजलं, असं व्यापारी म्हणाला. मग भिजलेलं धान्य वर का नाही ठेवलंस, असा त्यांचा सवाल होता. हा शिक्का म्हणजे ओलं धान्य वर ठेवणं आहे.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं खास मोटारीसाठी असा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा आहे, आधी 1986 चा आणि जुलै 2020 पासून लागू झालेला 2019 चा. सदोष वस्तू बदलून द्या किंवा किंमत परत करा, असा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. गाडीची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणाराही यात ग्राहकच आहे.

मग अडतं कुठं? अडतं ते ‘उत्पादनातला दोष’ या शब्दांवर. सुटा भाग बिघडला तर भाग बदलून मिळेल, आख्खी गाडी नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद असतो आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून तो मानला. त्यामुळं दोष मुळातच आहे, हे तज्ज्ञाच्या अहवालानं सिद्ध करावं लागतं. न्यू जर्सीत तीन फेऱ्यांनंतर कायदा ग्राहकाच्या बाजूनं सरकतो. आपल्याकडं तेरा फेऱ्या झाल्या तरी सिद्ध करायचं ओझं ग्राहकाच्याच डोक्यावर. तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लावावा असं आपला कायदा म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त तलाठीसाहेबांच्या तक्रारीला सहा वर्षं लागली. निकाल लागला तेव्हा गाडी भंगारात गेली होती. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत मागवायचा अधिकार सरकारला मिळाला, त्यात पैसे परत देण्याचीही तरतूद आहे, पण ती एकाच जातीच्या अनेक गाड्यांत तोच दोष असेल तेव्हाची. एकट्यादुकट्या लिंबाला तिचा उपयोग नाही. तीन फेऱ्यांचं ते एक कलम आपल्या कायद्यात यायला काही घटनादुरुस्ती लागत नाही.

ते येईल तेव्हा येईल. तोवर सर्व्हिस सेंटरमधल्या जॉब कार्डाकडं लक्ष ठेवा. तुम्ही “ब्रेक लागत नाही” म्हणता आणि तो पोरगा ‘जनरल चेकअप’ लिहितो. त्यावर सही करू नका. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, मराठीत चालेल, लिहून घ्या, किलोमीटर लिहून घ्या, गाडी कधी टाकली आणि कधी मिळाली ते लिहून घ्या, आणि प्रत मागून घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. सल्ला हवा तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. भाचीनं आता दुसरी गाडी घेतली आहे, त्याच रंगाची. तक्त्याची वही तिनं त्या गाडीच्या कप्प्यातही ठेवली आहे, कोरी.